तिरंदाजी फोरमवरची चर्चा: कम्पाउंड बोची (कॅम लावलेल्या धनुष्याची) दोरी: घरी काय करावं, कशाला हात लावू नये

दुधनाकाठ
बो दोन कॅमचा (टोकांच्या चाकांचा) आहे, एक्सल ते एक्सल (दोन्ही कॅमच्या आसांमधलं अंतर) 37 इंच, ओढायचा जोर 50 पाउंडावर लावलेला. दोरीची तीन दुखणी एकदमच दिसायलीत. डी-लूपच्या (दोरीला बांधलेल्या ओढायच्या फासाच्या) खाली सेंटर सर्व्हिंगचे (दोरीच्या मधल्या भागावर गुंडाळलेल्या धाग्याचे) वेढे फाकलेत. नखाने रेटलं की अख्खं सर्व्हिंग दोन मिलिमीटर खाली सरकतं. वरच्या कॅमजवळ दोरीला लव आली आहे. आणि पूर्ण ओढल्यावर पीप (दोरीत बसवलेलं, नेम धरायचं भोक) सरळ डोळ्यासमोर येत नाही, थोडं तिरकं राहतं. परभणीत आमच्या ओळखीत बो प्रेस (बो दाबून दोरी सैल करायचं यंत्र) कुणाकडे नाही. यातलं घरी काय होईल आणि कशासाठी बो बाहेर पाठवावाच लागेल? मार्गदर्शन करा.

बालाघाट
दादा, एकच गोष्ट धरून चाला. दोरी कॅमवरून न उतरवता होणारं काम घरी करा. दोरी किंवा केबल (कॅमला जोडलेल्या बाजूच्या दोऱ्या) सैल करावी लागणारं काम प्रेसशिवाय करू नका.

म्हणजे सेंटर सर्व्हिंग, डी-लूप, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा), मेण, साफसफाई हे सगळं घरचं. एंड सर्व्हिंग (दोरीच्या टोकांचं), पीळ कमी-जास्त करणं, पीपच्या दोन्ही बाजूंचे पदर बदलणं, केबल बदलणं हे प्रेसचं.

पण आधी तपासणी. दोरी कोरड्या सुती कापडाने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून लव आलेली जागा बघा. नुसती केसाळ लव असेल तर मेणाने बसते. पण एखादा पदर तुटला असेल तर त्याचं टोक गुच्छासारखं वेगळं उभं राहतं आणि बोटाला लागतं. एक पदर तुटलेला दिसला तरी तो बो ओढायचा नाही. 24 पैकी 23 शिल्लक आहेत असा हिशेब इथे चालत नाही, कारण तुटलेला पदर सर्व्हिंगच्या आत सरकत जातो, ताण विषम होतो आणि दोरीची लांबीही बदलते.

लव कॅमजवळच का आली, हे शोधल्याशिवाय मेण लावून उपयोग नाही. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि कॅमच्या खाचेत, दोरी जिथून सुटते तिथून, हलक्या हाताने फिरवा. कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे धातूला खरवड आहे. बारीक असेल तर 1000 किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने नुसतं पुसल्यासारखं करा. खाचेचा आकार बदलेल इतकं घासू नका. खोल चर पडला असेल तर कॅमच बदलावा लागतो, नाहीतर तो नवी दोरीही कापत बसेल.

दुधनाकाठ
काडी फिरवली, कुठे अडकली नाही. पदर तुटलेला दिसत नाही, नुसती लव आहे. मग सर्व्हिंगचं सविस्तर सांगा.

गोदाकाठ
सर्व्हिंगचं मी लिहितो.

सर्व्हिंग सैल का पडतं ते आधी बघा. दोरी वापरात थोडी लांबते आणि लांबली की बारीक होते. वरचा धागा तेवढाच राहतो, त्यामुळे पकड सुटते. त्यात डी-लूप प्रत्येक बाणाला त्याच जागी ओढ देतो. फाकलेल्या वेढ्यांवर गोंद किंवा फेव्हिक्विक टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो आत पदरांपर्यंत झिरपतो, पदर कडक होतात आणि तिथेच तुटतात.

सामान: सर्व्हिंगचा धागा, सर्व्हिंग जिग (धागा ताणात ठेवून गुंडाळायचं साधन), व्हर्नियर, टोक कापायला निपर, लायटर, बारीक टोकाची पकड, पांढरा मार्कर. सेंटर सर्व्हिंगला साधारण 0.019 ते 0.021 इंच जाडीचा धागा लागतो. बीसीवाय कंपनीचे हेलो किंवा थ्री-डी हे धागे बहुतेकांकडे असतात. नेमकी जाडी तुमच्या नॉकवर (बाणाच्या मागच्या खाचेच्या तुकड्यावर) ठरते, त्याचं पुढे येतंच.

मोजमाप आधी. बोस्क्वेअर (दोरीवर लावायची काटकोनी पट्टी) लावून नॉकिंग पॉइंटची उंची लिहून घ्या. जुनं सर्व्हिंग वर कुठे सुरू होतं आणि खाली कुठे संपतं, ते वरच्या एक्सलपासून फुटपट्टीने मोजून लिहा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे न करता डी-लूप कापला, तर पुढचा आठवडा साइट लावण्यात जातो.

डी-लूप काढताना ब्लेड दोरीच्या दिशेने कधीच नाही. लूपच्या वितळलेल्या गाठी निपरने बाहेरच्या बाजूने तोडा, लूप आपोआप सुटतो. सर्व्हिंगही कापायचं नाही. शेवटचा वेढा शोधा, टाचणीने उचला आणि उलटं उकलत जा. खाली उघडी दोरी दिसेल. ती पुसा. तिथे मेणाचा थर असेल तर तो काढा: सर्व्हिंगच्या धाग्याचा एक तुकडा दोरीभोवती एकदा गुंडाळा, दोन्ही टोकं धरा आणि वरून खाली ओढा. जास्तीचं मेण त्यावर गोळा होतं. मेणकट दोरीवर वेढे कितीही आवळले तरी सरकतात. नव्या सर्व्हिंगचं निम्मं यश इथेच आहे.

आता वेढे कुठल्या अंगाने? दोरीला ज्या अंगाने पीळ आहे, त्याच अंगाने. पुढे कधी पीळ वाढवला तर सर्व्हिंग आवळतं. उलट अंगाने घातलं तर पीळ वाढवताच ते सैल पडतं.

सुरुवात: दोरीचे दोन रंगांचे पदर टाचणीने वेगळे करा, धाग्याचं टोक मधून काढा आणि तीनेक सेंटीमीटर टोक दोरीला समांतर, जिकडे सर्व्हिंग जाणार आहे तिकडे ठेवा. पहिले दहा वेढे हाताने, त्या टोकावरून, शेजारी शेजारी. मग जिग लावा. जिगचा नट इतका आवळा की धागा हाताने ओढताना जोर लागावा. जिग दोरीभोवती फिरू द्या आणि डाव्या अंगठ्याच्या नखाने वेढे एकमेकांना चिकटवत राहा. एकावर एक वेढा चढला तर थांबा, उकला, पुन्हा घाला. तिथे नॉक बसला तर बाण वेडावाकडा सुटतो.

शेवट जरा नाजूक. शेवटचे दोनेक सेंटीमीटर राहिले की जिग थांबवा, तीस सेंटीमीटर धागा सोडून कापा. आता धाग्याचा मोठा फास मोकळा ठेवा, टोक थोडं पुढे न्या आणि फासाच्या आतून, दोरीभोवती 12 वेढे सर्व्हिंगकडे परत येत घाला. फिरवण्याचं अंग तेच ठेवा, फक्त सरकायचं मागे. टोक दोरीला समांतर पुढच्या बाजूला पाडा. मग फास धरून नेहमीसारखे वेढे पुढे घालत चला. पुढचा एक वेढा पडला की आतला एक सुटतो. बाराही संपले की टोक पकडीने ओढून फास आत घ्या. तीन मिलिमीटर ठेवून कापा आणि लायटरची ज्योत नुसती दाखवून मणी करा. ज्योत दोरीपासून लांब. डायनिमा (दोरीच्या पदरांचं मटेरियल) साधारण 145 अंशांनाच वितळतो, त्याला जळायची गरज नसते.

झाल्यावर नखाने जोरात रेटून बघा. हललं तर उकलायचं. दुसरा मार्ग नाही.

मांजरा
गोदाकाठ काका, जिग नाही. हाताने घातलं तर? आणि धागा म्हणून मासेमारीची दोरी चालेल का? नांदेडला सहज मिळते.

गोदाकाठ
हाताने एकसारखा ताण राहत नाही. पीप बांधायला, नॉकिंग पॉइंट बांधायला हात पुरतो, सेंटर सर्व्हिंगला नाही. जिग फार महाग वस्तू नाही, क्लबमध्ये एक घेऊन ठेवा.

मासेमारीचा एकेरी नायलॉन अजिबात नको. तो ताणला की लांबतो, मग सैल. विणलेली दोरी ताणत नाही, पण ती बारीक आणि कडक असते, डी-लूपच्या ओढीखाली मूळ दोरीत रुतते. नॉकिंग पॉइंटसाठी तात्पुरता दाताचा मेणाचा धागा चालतो. बस्स, तेवढंच.

बालाघाट
नॉकचं राहिलं. नवं सर्व्हिंग झालं की आधी व्हर्नियरने जाडी बघा. नॉकच्या खाचेनुसार ती साधारण 2.2 ते 2.5 मिलिमीटरच्या आसपास बसते. पण आकड्यापेक्षा चाचणी खरी. बो आडवा धरा, दोरी वर, बाण दोरीला लावून खाली लोंबू द्या. नॉक बसताना बारीक टक आवाज यावा. मग बाणापासून दोन बोटं अंतरावर दोरीला टिचकी मारा. बाण सुटून खाली पडला तर बरोबर. टिचकीविना पडला तर सैल आहे, आणि ते जास्त धोक्याचं: ओढताना नॉक निसटला की ड्राय फायर (बाणाविना दोरी सुटणं). चार-पाच टिचक्यांनीही पडत नसेल तर घट्ट आहे. त्याने बाण सुटताना दोरी ओढली जाते आणि बाण वर-खाली जायला लागतात.

घट्ट झालं म्हणून नॉकची खाच कानसने घासू नका. सर्व्हिंग उकलून एक नंबर बारीक धाग्याने परत घाला. सगळे बाण एकाच जातीच्या नॉकचे ठेवा. आणि चाचणी डी-लूप बांधायच्या आधी करा, नंतर केली तर लूपही पुन्हा कापावा लागेल.

किनवट
डी-लूपचं घ्या. 2 मिलिमीटरची लूपची दोरी, 11 ते 12 सेंटीमीटर तुकडा. एक टोक लायटरने वितळवून टोपीसारखं फुगवा, पकडीने दाबून गोल करा. पहिली गाठ दोरीच्या एका बाजूने, दुसरी विरुद्ध बाजूने. दोन्ही गाठी एकाच बाजूला आल्या तर ओढताना लूप दोरीला पिरगाळतो. दुसरं टोकही तसंच वितळवा. मग पकडीची तोंडं लूपच्या आत घालून उघडा, म्हणजे गाठी आवळतात. आतली जागा सव्वा सेंटीमीटरच्या आसपास राहिली की पुरे. जास्त मोठा केला तर तेवढी ओढ लांबते, अँकर (ओढलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) बदलतो.

नॉकला वर-खाली घट्ट पकडू नका. ओढल्यावर दोरीचा कोन बनतो आणि लूप नॉकला दोन्हीकडून चिमटतो. कागद सरकेल इतकी फट हवी. बरेचजण नॉकखाली धाग्याचा एक बारीक नॉकिंग पॉइंट बांधतात, तेही चांगलं.

लूपला लव आली, टोपी बारीक झाली किंवा तुकडा कडक लागायला लागला की बदला. ती सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि ती तुटली की रिलीज (लूप ओढून सोडायचं साधन) धरलेली मूठ थेट तोंडावर येते.

मांजरा
मेण किती दिवसांनी लावायचं? आमच्या ग्राउंडवर रोज लावायलेत काहीजण.

बालाघाट
रोज नको. मेण लावायचं ते दोरी कोरडी, खरबरीत वाटायला लागली की. नियमित सराव असेल तर दोन-तीन आठवड्यांनी वेळ येते. लातूर-नांदेडकडच्या मोकळ्या मैदानांवर काळी धूळ उडते, ती मेणावर बसते. आणि वरून पुन्हा मेण लावलं की धूळ आत कोंडते. ती पदरांमध्ये वाळूसारखी घासत राहते. म्हणून क्रम असा: कोरडं कापड, मग जुनं मेण धाग्याने ओढून काढणं, मग नवं मेण, तेही अगदी पातळ. बोटांच्या चिमटीत धरून पुढे-मागे चोळा, मेण कोमट होऊन आत शिरेपर्यंत. मग जास्तीचं परत धाग्याने काढा.

मेण फक्त उघड्या पदरांना. सेंटर सर्व्हिंगला नको, कॅमच्या खाचेत तर नकोच. केबल जिथे स्लाइड किंवा रोलरमधून जाते तिथेही नको, तिथे धूळ-मेणाचा काळा गोळा तयार होतो.

वैजापूर_रोड
उन्हाचं काय? मे महिन्यात 42-43 असतं. गाडीत बो राहिला तर दोरी वितळते का?

गोदाकाठ
वितळत नाही हो, एवढं तापमान गाडीत होत नाही. पण बंद गाडी उन्हात 60 अंशांच्या पुढे सहज जाते आणि डायनिमाला ताणाखाली उष्णता मिळाली की तो हळूहळू लांबतो, तो परत आखडत नाही. परिणाम असा: दोरी लांबली तर ओढायची लांबी वाढते आणि पीप जागा सोडतं. केबल लांबली तर पाउंड उतरतात. दोन्ही केबल सारख्या लांबल्या नाहीत तर कॅमची वेळ चुकते, एक कॅम आधी टेकतो, दुसरा नंतर.

म्हणून दोरीचं मटेरियल बघून घ्या. बीसीवायच्या 452एक्समध्ये दोन तृतीयांश डायनिमा आणि एक तृतीयांश व्हेक्ट्रान आहे. व्हेक्ट्रान लांबत नाही, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही दोरी माप धरून राहते. एक्स99 मध्ये व्हेक्ट्रान 20 टक्के, ती थोडी हलकी आणि टिकाऊ. निव्वळ डायनिमाची दोरी वेगवान, पण मराठवाड्याच्या मे महिन्यासाठी माझी पसंती तिला नाही. व्हेक्ट्रानलाही एक खोड आहे: उन्हातल्या अतिनील किरणांनी ते खराब होतं. तेव्हा दोन फेऱ्यांच्या मध्ये बो उन्हात स्टँडवर न ठेवता सावलीत ठेवा. पत्र्याच्या खोलीतही नको.

पावसात भिजली तर दोरी पाणी शोषत नाही, पण पदरांमध्ये पाणी साठतं, दोरी जड होते आणि बाण खाली लागतात. पुसा, सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको.

दुधनाकाठ
सर्व्हिंग आणि लूप करतो. पण पीपचा प्रश्न राहिला. एकाने सुचवलं की लाकडी फळ्या आणि गाडीचा जॅक वापरून लिंब (बोचे वाकणारे हात) दाबता येतात, मग पीळ देता येईल. आणखी एकजण म्हणतो, एकाने ओढून धरायचं आणि दुसऱ्याने काम करायचं.

किनवट
दोन्ही नका करू. हे या चर्चेतलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

ओढून धरणं आधी. 50 पाउंडाचा बो 80 टक्के लेट-ऑफवर (पूर्ण ओढल्यावर जोर तेवढा कमी होतो) हातात 10 पाउंड लागतो, म्हणून हलका वाटतो. पण लिंबमधला ताण पूर्ण ओढीचा असतो. तो निसटला तर ड्राय फायर, आणि दुसऱ्याची बोटं दोरी आणि कॅमच्या मध्ये.

जॅकचं असं की प्रेस लिंबच्या टोकांवर, दोन्हीकडे सारखा आणि ठरलेल्या दिशेने जोर देतो. आजचे बहुतेक बो दुभंगलेल्या लिंबचे असतात, प्रत्येक बाजूला दोन पट्ट्या. जॅकचा जोर एका पट्टीवर जास्त पडला की ती पिळते आणि बारीक चीर पडते. चीर त्या दिवशी दिसत नाही, नंतर कधीतरी पूर्ण ओढीत लिंब फुटतो. लिंबच्या मधोमध दाब देणारे जुने प्रेसही आडव्या लिंबच्या बोला चालत नाहीत. टोकांना धरणारा, बो उत्पादकाच्या पुस्तिकेत चालतो असं लिहिलेला प्रेसच वापरा. लहान, हाताने फिरवायचे असे प्रेस मिळतात, चार-पाच जणांनी मिळून घेता येतो.

लिंब बोल्ट सैल केले की दोरी सैल होते, हाही गैरसमज. पुस्तिकेत जितके फेरे सैल करायला सांगितलेत त्यापुढे गेलात तर बोल्ट आट्यातून सुटू शकतो. आणि हो, अमेरिकन बोचे बहुतेक स्क्रू इंची मापाचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातली मिलिमीटरची एलन की बसल्यासारखी वाटते आणि स्क्रूचं डोकं गोल करून टाकते. इंची संच वेगळा मागून घ्या.

बालाघाट
पीपसाठी प्रेसशिवाय एक उपाय आहे. पीप थोडंच तिरकं असेल तर डी-लूप दोरीभोवती थोडा फिरवून बांधा. पूर्ण ओढल्यावर रिलीज लूपला सरळ करतो, लूप दोरीला फिरवतो आणि पीप तेवढं वळतं. दहा-पंधरा अंशांची चूक याने निघते. त्याहून जास्त फिरवू नका, मग दोरी सुटतानाही पिळत सुटते.

जास्त फरक असेल तर प्रेसवर. दोरीच्या वरच्या टोकाला अर्धा पीळ द्या आणि खालच्या टोकाचा अर्धा काढा. एकूण पीळ तोच, म्हणजे दोरीची लांबी तीच राहते, आणि पीप अर्धा फेरा फिरतं. एकाच टोकाला पीळ दिला तर पीपही फिरतं आणि दोरीही आखडते, मग सगळी मापं हलतात. नवी दोरी असेल तर आधी 100-200 बाण मारून ती बसू द्या. त्याआधी पीपच्या मागे लागणं म्हणजे वाया काम.

वैजापूर_रोड
समजा दोरीच बदलायची ठरली. जुनी मोजून नवी मागवायची का?

गोदाकाठ
जुनी मोजू नका, ती लांबलेली असते. बहुतेक बोच्या खालच्या लिंबवर स्टिकर असतो, त्यावर दोरी आणि केबलची लांबी छापलेली असते. स्टिकर गेला असेल तर मॉडेल, कॅम, मॉड्यूल आणि लिंबवरचा नंबर दोरी बनवणाऱ्याला द्या. दोरीची लांबी मोजायचा ठरलेला प्रकार म्हणजे पाव इंची पिनांवर 100 पाउंड, म्हणजे साधारण 45 किलो ताणाखाली. जमिनीवर टेप टाकून घेतलेलं माप त्याच्याशी जुळत नाही.

दोरी आणि केबल एकत्रच बदला. नव्या दोरीला जुन्या केबल लावल्या की वेळ जुळवण्यात दिवस जातो. दोन रंगी मागवा, पीप घालताना पदर मोजावे लागत नाहीत. बेताने मारणाऱ्याला दोन-तीन वर्षं चालते. रोज शंभराच्या वर बाण मारणाऱ्याने वर्षाला बदलावी.

बसवल्यावर चार आकडे बघा: एक्सल ते एक्सल, ब्रेस हाइट (न ओढता दोरी ते मुठीचं अंतर), ओढायची लांबी आणि पाउंड. पाउंडासाठी खास बो स्केल नसेल तर हुकचा लटकता डिजिटल काटा चालतो. 50 पाउंड म्हणजे 22.7 किलो. काटा डी-लूपला लावून हळू ओढायचा आणि सगळ्यात वरचा आकडा धरायचा. बाण लावूनच ओढायचं, समोर टार्गेट हवं.

स्पर्धेला जाणाऱ्यांनी जास्त सांभाळा. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कम्पाउंडची मर्यादा 60 पाउंड आहे. कुणी 59 वर लावून ठेवतात, नवी केबल आली की आकडा वर सरकतो आणि बो तपासणीच्या टेबलावर अडकतो.

दुधनाकाठ
सगळ्यांचे आभार. 0.019 चा धागा आणि इंची एलन संच मागवलाय. 0.021 चाही सोबत घ्यावा का?

बालाघाट
घ्या. 24 पदरी दोरीवर 0.019 सैल बसला तर हाताशी असावा. धागा काळा नको, पांढरा किंवा पिवळा घ्या. फाकलेला वेढा काळ्यावर दिसत नाही.